नव्या ठिकाणी राहायला गेल्यावर घरचा कचरा कसा द्यावा: टप्प्याटप्प्याने

निळा डबा दिसला की आपण त्यात सुका कचरा टाकतो. भारतात ते बरोबर आहे. जर्मनीत निळा डबा साधारणपणे फक्त कागद-पुठ्ठ्याचा असतो, त्यात प्लास्टिकची बाटली टाकली की चूक झाली. सॅन फ्रान्सिस्कोत त्याच निळ्या डब्यात कागद, बाटल्या आणि पत्र्याचे डबे एकत्र जातात. ऑस्ट्रेलियात रंग डब्याच्या झाकणाला असतो: लाल झाकण उरलेल्या (म्हणजे दुसऱ्या कुठल्याच प्रकारात न बसणाऱ्या) कचऱ्याचं, पिवळं पुनर्वापराचं, हिरवं बागेतल्या आणि कुजणाऱ्या कचऱ्याचं. व्हिक्टोरिया राज्यात काचेसाठी जांभळं झाकण वेगळं.

माणसं आळशी असतात म्हणून चुकतात, असं मला वाटत नाही. उलट ज्यांना मनापासून नीट वागायचं असतं, तेच जुन्या गावची सवय नव्या गावी तितक्याच काटेकोरपणे पाळतात आणि डबा नाकारला जातो. वस्तू हातात घेऊन आपण विचारतो, ‘हे ओलं की सुकं?’ विचारायला हवं ते हे: ‘इथली गाडी हे पुढे कुठे नेते?’ ते कळलं की डबा, वेळ, धुणं, कापणं या सगळ्याचं उत्तर आपोआप मिळतं. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. क्रम मोडू नका, विशेषतः पहिले दोन.

## टप्पा १: डबे घेण्याआधी पाच गोष्टी शोधा

राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात हे करा. घरमालक, महापालिका किंवा स्थानिक संस्थेचं संकेतस्थळ, सोसायटीचं कार्यालय, आणि जमलं तर प्रत्यक्ष कचरा नेणारी माणसं, या क्रमाने विचारा. शेजाऱ्यांना जरूर विचारा, पण शेवटी. शेजारीही बऱ्याचदा ऐकीव माहितीवरच चालत असतात.

१. कचरा कोण नेतं? एकाच घरातला वेगवेगळा कचरा वेगवेगळ्या संस्था नेत असू शकतात. पुण्यात बऱ्याच भागांत ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सभासद दारोदारी येऊन कचरा घेतात, म्हणजे तो माणसांच्या हातांनी निवडला जातो. दुसऱ्या शहरात तोच सुका कचरा यंत्राच्या पट्ट्यावर जातो. तयारी त्यानुसार बदलते.

२. वाटे किती? भारतात २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन वाटे ठरवले होते, पण इंदूरने आपल्या घरांकडून सहा वाटे मागितले. इंग्लंडमध्ये घरांसाठी ३१ मार्च २०२६ पासून चार वाट्यांचा पाया ठरला: उरलेला कचरा, अन्नकचरा, कागद-पुठ्ठा, आणि बाकीचं प्लास्टिक-धातू-काच. तरीही डब्यांचे रंग आणि दिवस प्रत्येक काउन्सिल आपापले ठेवते. जपानमधल्या कामिकात्सु या छोट्या गावात वाटे चाळीसहून अधिक आहेत आणि लोक कचरा स्वतः केंद्रावर नेऊन देतात.

३. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे ठेवायचा? दिवस आणि वेळ दोन्ही लिहून घ्या.

४. कशात द्यायचा? पिशवीत, सुटा, की ठरावीक छापील पिशवीतच? तैपेई आणि दक्षिण कोरियातल्या शहरांमध्ये उरलेला कचरा अधिकृत विकतच्या पिशवीतच द्यावा लागतो.

५. काय अजिबात घेत नाहीत, आणि ते कुठे नेऊन द्यायचं?

तपासा: मिळालेली माहिती शहराची आहे की तुमच्या पत्त्याची? एकाच शहरात दोन प्रभागांचे दिवस वेगळे असतात, आणि बंगला व इमारत यांचेही. संकेतस्थळावर पत्ता किंवा पिनकोड टाकायची सोय असेल तर तीच वापरा. सणाच्या सुट्टीत दिवस पुढे-मागे होतो का, तेही तिथेच बघा.

ही पाच उत्तरं एका कागदावर लिहून स्वयंपाकघरातल्या डब्याच्या वर चिकटवा. घरात कामाला येणाऱ्या व्यक्तीपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना ती दिसली पाहिजेत. फोनमध्ये जपून ठेवलेली माहिती कचरा टाकायच्या क्षणी कोणी उघडत नाही.

## टप्पा २: घरात जागा लावा

आता डबे. बाहेरच्या व्यवस्थेत जितके वाटे, तितकेच घरात. जास्त केलेत तर पंधरा दिवसांत कंटाळा येतो, कमी केलेत तर शेवटच्या क्षणी हाताने निवडत बसावं लागतं.

कुजणाऱ्या कचऱ्याचा डबा लहान आणि झाकणाचा, ओट्याजवळ. लहान अशासाठी की तो रोज रिकामा करावाच लागतो. सुक्याचा डबा मोठा, पण ओट्यापासून थोडा दूर. तो ओट्याखाली असला की ओल्या हाताने सगळं त्यात पडतं आणि कागद भिजतो. न्हाणीघरात एक छोटा डबा हवाच, नाहीतर शाम्पूची बाटली आणि टॉयलेट पेपरची कागदी नळी कधीच योग्य जागी पोहोचत नाहीत. चौथी गोष्ट बहुतेक घरांत नसते: बॅटरी, बल्ब, संपलेली औषधं यांसाठी उंचावर, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी बरणी किंवा खोकं.

सावधान: डब्याला ‘प्लास्टिक’ अशी चिठ्ठी लावू नका. ‘बाटल्या आणि डबे, रिकामे’ असं लिहा. ‘प्लास्टिक’ वाचून माणूस खेळणं, हँगर, पिशवी, चमकदार वेष्टन सगळं टाकतो, आणि यातलं बरंचसं अनेक ठिकाणी घेत नाहीत.

## टप्पा ३: वस्तू सुटी करा

एकाच वस्तूत दोन-तीन पदार्थ जोडलेले असतील तर ते हाताने निघतात तेवढे वेगळे करा. दह्याच्या कपाचं चमकदार झाकण पूर्ण ओढून काढा, पुठ्ठ्याची पट्टी सोडवा. पाकिटावरची पारदर्शक खिडकी बहुतेक ठिकाणी चालते, बुडबुड्यांचं अस्तर चालत नाही.

टोपणाबाबत मात्र नियम थेट उलटे होतात. जपानमध्ये पाण्याच्या बाटलीचं टोपण आणि लेबल काढायचं, बाटली विसळून चेपायची, आणि टोपण-लेबल दुसऱ्या वाट्यात द्यायचं. युरोपीय संघात ३ जुलै २०२४ पासून पेयांच्या तीन लिटरपर्यंतच्या बाटल्यांना टोपण जोडलेलंच असावं लागतं, कारण ते बाटलीबरोबरच परत यावं अशी अपेक्षा आहे. तिथे ते ओढून तोडणं म्हणजे व्यवस्था मोडणं. बाटली चेपायचीही तीच गोष्ट. जर्मनीत बहुतेक पेयांच्या एकदाच वापरायच्या बाटल्या आणि डब्यांवर २५ सेंट अनामत असते, आणि ती परत देणारं यंत्र बाटलीवरचं चिन्ह वाचतं. चेपलेली बाटली यंत्राला वाचता येत नाही. जपानहून जर्मनीला गेलेल्या माणसाची चांगली सवयच तिथे अडचण होते.

छोट्या तुकड्यांबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. चीर देऊन तो पिशवीलाच लटकता ठेवा. सुट्या तुकड्याला कोणतंही यंत्र पकडू शकत नाही, कोणताही हात उचलत नाही. तो गटारात जातो. बाटलीच्या टोपणाहून लहान असलेली जवळपास प्रत्येक वस्तू यंत्राच्या चाळणीतून खाली पडते, म्हणून छोटे पत्र्याचे तुकडे एखाद्या पत्र्याच्याच डब्यात घालून डब्याचं तोंड दाबून द्या.

## टप्पा ४: रिकामं, विसळलेलं, निथळलेलं, मग डब्यात

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यात होतात, आणि त्या दोन्ही टोकांच्या असतात. काहीजण अर्धी भरलेली बरणी तशीच टाकतात. काहीजण साबण लावून गरम पाण्याने बरणी चकचकीत करतात. दोन्ही नको.

सॉसची बाटली घ्या. आधी ती उलटी करून दहा मिनिटं ठेवा, जे उतरेल ते वापरून टाका. मग तळाशी दोन बोटं पाणी घाला, टोपण लावा, जोरात हलवा आणि ओता. पाणी लालसर निघालं की परत एकदा. दुसऱ्या खेपेला ते फिक्कं येईल, तेवढं पुरे. आता टोपण काढून बाटली सिंकच्या कडेला तिरकी ठेवा, तोंड खाली. रात्रभरात ती निथळते. भांडी घासून झाल्यावर उरलेलं पाणी यासाठी वापरलं तर वेगळं पाणी लागत नाही. स्वच्छतेची कसोटी एवढीच: बाटली उलटी धरली तर काही गळता कामा नये आणि आठवडाभर ठेवली तर वास येता कामा नये.

विसळलेली वस्तू ओलीच डब्यात टाकणं ही न विसळण्याइतकीच मोठी चूक आहे. पाणी कागदात मुरतं, कागद चिकटतो, आणि चिकटलेला ओला कागद कागदाच्या गिरणीला नको असतो. चार बाटल्यांच्या पाण्याने डबाभर पुठ्ठा वाया जातो.

तेलकट पुठ्ठा हा वेगळा प्रश्न आहे. तेल धागा-धाग्यात शिरलेलं असतं, धुऊन निघत नाही. खोक्याचं स्वच्छ झाकण फाडून कागदात द्या. तेलाचा डाग असलेला भाग तुमच्याकडे कंपोस्टमध्ये चालतो का ते टप्पा १ मधल्या कागदावर बघा, नसेल चालत तर उरलेल्या कचऱ्यात.

हाताने करायच्या दोन तपासण्या:

चमकदार वेष्टन मुठीत घट्ट चुरगळा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर ती अॅल्युमिनियमची पन्नी आहे. हळूहळू उलगडू लागला तर ते धातूचा मुलामा दिलेलं प्लास्टिक आहे, ते धातूत टाकू नका.

कागद वाटणारी वस्तू फाडून बघा. फाटलेल्या कडेवर पातळ पारदर्शक पापुद्रा ओढला गेला तर आत प्लास्टिकचं अस्तर आहे. दूध-रसाच्या खोक्यांमध्ये कागद, प्लास्टिक आणि बऱ्याचदा अॅल्युमिनियम असे थर असतात, त्यांची जागा प्रत्येक शहरात वेगळी: कुठे पिवळ्या डब्यात, कुठे कागदात, कुठे फक्त संकलन केंद्रावर. दुकानाच्या गुळगुळीत उष्णता-छपाईच्या पावत्याही कागदात देऊ नका. नखाने रेघ ओढल्यावर काळी उमटली तर ती तसली पावती.

## टप्पा ५: वाट्यात टाकताना होणारे गैरसमज

बाणांचा त्रिकोण आणि आत आकडा दिसला की ‘हे पुनर्वापराचं’ असं बहुतेक जण समजतात. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने आणलेले हे आकडे प्लास्टिकचा प्रकार सांगतात, एवढंच. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं ‘पेट’ (PET) प्लास्टिक, २ म्हणजे शाम्पू-दुधाच्या जाड बाटल्यांचं प्लास्टिक, ५ म्हणजे डब्यांचं पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे थर्माकोलचं पॉलिस्टायरीन. तुमच्याकडे कोणते आकडे घेतात, ते तुमच्या कागदावर असायला हवं. काळं प्लास्टिक तर अनेक यंत्रांना दिसतच नाही. निवड करणारा संवेदक (सेन्सर) परतलेल्या प्रकाशावरून प्लास्टिक ओळखतो आणि काळा रंग तो प्रकाश गिळतो.

पिशवीत बांधून द्यायचं की सुटं? सुका कचरा यंत्राने निवडत असतील आणि सुटा मागितला असेल, तर पिशवी बांधून देऊ नका. पिशव्या यंत्राच्या फिरत्या दांड्यांना गुंडाळतात, पट्टा थांबवून माणसाला आत जाऊन त्या कापून काढाव्या लागतात. जर्मनीत मात्र अनेक ठिकाणी वेष्टनं पातळ पिवळ्या पिशवीतच द्यायची असतात. हाताने निवड होते तिथे पिशवी चालते, पण पारदर्शक असली तर आत काय आहे ते न उघडता दिसतं.

काच म्हणजे सगळी काच नव्हे. बाटल्या आणि बरण्या चालतात. भट्टीत वापरायचं जाड उष्णतारोधक भांडं, आरसा, खिडकीची काच चालत नाही. उष्णतारोधक काच वितळायला जास्त तापमान लागतं आणि तिचे न वितळलेले खडे नव्या बाटलीत राहून ती कमजोर करतात. जर्मनीत पांढरी, तपकिरी आणि हिरवी काच वेगळी टाकतात. निळी किंवा दुसऱ्या रंगाची हिरव्यात. या काचेच्या टाक्यांवर वेळ लिहिलेली असते, रविवारी टाकायची नसते, कारण आवाज होतो.

कुजणाऱ्या कचऱ्यातही प्रत्येक गावचं वेगळं. अंड्याची टरफलं कंपोस्टमध्ये सर्रास जातात. दक्षिण कोरियात बऱ्याच ठिकाणी ती, हाडं आणि शिंपले अन्नकचऱ्यात टाकायला मनाई आहे, कारण अन्नकचऱ्याचा मोठा भाग पशुखाद्य होतो. जनावर खाऊ शकणार नाही ते नको, हा तिथला साधा निकष. ‘कंपोस्ट होणारी’ असं छापलेली पिशवीही डोळे झाकून टाकू नका. तसल्या बऱ्याच पिशव्यांना कारखान्यातल्या कंपोस्टची साठ अंशांच्या आसपासची उष्णता लागते. घरच्या कुंडीत त्या महिनोन्महिने तशाच राहतात.

शंका आली तर: कागदावर उत्तर नाही आणि शोधायला वेळ नाही, अशी साधी वस्तू उरलेल्या कचऱ्यात टाका. ‘जाईल बहुतेक’ म्हणून पुनर्वापरात टाकलेली एक घाण वस्तू बाकीच्या चांगल्या वस्तू खराब करते. या नियमाला अपवाद पुढच्या टप्प्यातल्या वस्तूंचा. त्या उरलेल्या कचऱ्यातही जाऊ नयेत.

## टप्पा ६: गाडीत जाऊच नये असं, आणि वेगळं गुंडाळूनच द्यावं असं

गाडीच्या मागे कचरा दाबणारी पोलादी फळी असते. तिच्याखाली लिथियमची बॅटरी चिरडली गेली की आत शॉर्ट होतो, बॅटरी तापते आणि भोवतीचा कागद पेटतो. गाडी पेटते तेव्हा मागे माणूस उभा असतो. जुना फोन, इअरफोन, पॉवर बँक, ई-सिगारेट, आवाज करणारं खेळणं, गाणं वाजवणारं शुभेच्छापत्र या सगळ्यांत बॅटरी असते. सुट्या बॅटरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ती बरणीत साठवा आणि विद्युत-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. फुगलेली बॅटरी साठवू नका, त्याच दिवशी केंद्राला विचारा.

सुया आणि ब्लेड जाड भिंतीच्या, टोपण घट्ट बसणाऱ्या डब्यात घाला, पिशवीत कधीही नाही. औषधं सिंकमध्ये ओतू नका, औषधाच्या दुकानात किंवा दवाखान्यात परत घेतात का ते विचारा. पाऱ्याचा बल्ब किंवा ट्यूब फुटली तर खिडक्या उघडून काही वेळ खोलीबाहेर जा, मग जाड कागदाने तुकडे गोळा करा. केरसुणी किंवा व्हॅक्यूम वापरू नका, त्याने पारा पसरतो.

फुटलेली काच जाड कागदाच्या घडीत गुंडाळा, पुठ्ठ्याच्या खोक्यात घाला, वर मोठ्या अक्षरात ‘काच’ लिहा आणि शक्य असेल तर हातात द्या. सॅनिटरी पॅड आणि डायपरही असेच: कागदात गुंडाळून वेगळे. पुण्यात त्यावर लाल ठिपका काढून द्यायची पद्धत आहे, ती मला फार योग्य वाटते. पुडी न उघडता समोरच्याला आत काय आहे ते कळतं.

## टप्पा ७: बाहेर ठेवणं

वेळ पाळा. जपानमध्ये अनेक भागांत त्याच दिवशी सकाळी आठच्या आत ठरलेल्या जागी ठेवायचं असतं, आदल्या रात्री नाही. कावळे पिशव्या फोडतात म्हणून ढिगावर जाळंही ओढून घ्यायचं. तैवानमध्ये कचरा जमिनीवर ठेवायचाच नाही असं धोरण आहे. गाडी धून वाजवत येते, लोक पिशवी घेऊन खाली जातात आणि स्वतः गाडीत टाकतात. चाकांचे डबे असतील तर दोन डब्यांत अंतर सोडा, पायवाट अडवू नका आणि झाकण पूर्ण मिटेल इतकंच भरा. दाबून भरलेला डबा उलटा केला तरी कचरा आतच अडकतो.

आदल्या संध्याकाळी बघायचं एवढंच: उद्या कोणता वाटा आहे, झाकण बसतं का, आणि वरून बघताना कोणतीही परकी वस्तू दिसते का. डबा उघडणारा माणूस वरचाच थर बघतो.

## टप्पा ८: डबा नाकारला गेला तर

चिठ्ठी लावलेली पिशवी मागे राहिली तर ती फेकून देऊ नका आणि शेजारच्या ढिगावर सरकवू नका. चिठ्ठी वाचा, तिचा फोटो काढा. बहुतेक वेळा कारण एका वस्तूचं असतं. ती काढा, बाकीचं नीट बांधा आणि पुढच्या योग्य दिवशी द्या. कारण लिहिलेलं नसेल तर फोटो आणि पत्ता घेऊन स्थानिक संस्थेला विचारा. ‘गाडी आलीच नाही’ असं कळवण्याआधी आपण वेळेत ठेवलं होतं का आणि त्या दिवशी सुट्टी होती का, हे आधी पाहा.

उत्तर मिळालं की ते टप्पा १ मधल्या कागदावर लिहा, त्याच दिवशी, तारखेसकट.